जावेवर सोपवलेलं काम

बोर्ली पंचतनच्या बाजारातून निघून डोंगराच्या अंगाने अर्धा तास चाललं, की एक वाडी लागते. त्या वाडीत एकाच छपराखाली दोन चुली पेटत. पुढच्या दारची चूल थोरल्या जावेची, बायजाची. मागच्या दारची धाकटीची, रंगूची. दोघींचे नवरे मुंबईला एकाच गिरणीत कामाला होते, एकाच खोलीत राहत आणि गणपती-शिमग्याला एकाच बोटीने घरी येत. इथे त्यांच्या बायका मात्र एकमेकींना विहिरीच्या दोरीलाही हात लावू देत नसत.

भांडणाचं मूळ म्हणजे अंगणातला फणस. खोड बायजाच्या दारात आणि फळांनी लगडणारी मोठी फांदी नेमकी रंगूच्या दारावर.

“खोड माजं, तर फणस माजा,” बायजा म्हणे.

“मंग फणसाला सांग ना बाय, का तुज्याच दारात लोंबत जा म्हनून,” रंगू म्हणे.

दर उन्हाळ्यात हे बोलणं नव्याने सुरू होई आणि वाडीतल्या बायका ते ऐकायला पाण्याची एक खेप जास्तीची करत. बायजाची जीभ म्हणजे नुकती धार लावलेला विळा. माणूस मेलं तरी ती त्याच्याबद्दल खरं तेच बोलणार, आणि तेही प्रेत घरात असताना.

अशा ह्या बायजावर रंगूने एकसष्ट साली एक काम सोपवलं. सख्ख्या बहिणीला सांगतानाही जीभ अडखळावी असं काम. ते का सोपवलं हे कळायला रंगूच्या बापापासून सुरुवात करावी लागते.

रंगूचा बाप रावजी दिघीच्या अलीकडच्या गावचा. घरचं भात सहा महिने पुरे, म्हणून आवणी-कापणी सोडून बाकीचे दिवस तो दिघीच्या धक्क्यावर हमाली करी. आगरदांड्याहून मालाची होडी आली की तिला फळी लावत. फळी वीत-दीड वीत रुंद, आणि तिच्याखाली खाडीचं हलतं पाणी. पाठीवर भाताचं पोतं घेऊन त्या फळीवरून रावजी इतका निवांत चाले, की नवे हमाल आधी त्याचे पाय बघायला उभे राहत.

पुढे नवाबाचं संस्थान गेलं, मुंबईचं राज्य आलं आणि त्याच्या मागोमाग दारूबंदी आली. ताडीचं दुकान बंद झालं. नेमक्या त्याच सुमारास रावजीची चाल बिघडली. चालता चालता तो मध्येच एक पाय उंच उचली, जसा काही वाटेत कुणाला न दिसणारा धोंडा आहे. बसला असला तरी बोटं आपली आपण हलत, खांदा उडे, भुवया वर जात. गावाने सरळ हिशेब मांडला. उघड मिळत होती तेव्हा रावजी पीत नसे, आता बंदी आल्यावर डोंगरात जाऊन चोरून पितो.

पन्नास साली रंगू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. वीस वर्षांची होती. आईने पहिल्याच दिवशी तिला चुलीपाशी बोलावलं आणि हळूच सांगितलं, “तुज्यावर त्याची माया हाय. तू जवळ बसलीस तरी त्याला संशय यायचा न्हाय. तोंडाचा वास घे आन् मला सांग.”

रंगू बापाजवळ जाऊन बसली. तंबाखूचा वास होता, घामाचा होता. दारूचा नव्हता. तिने आईला तसं सांगितलं.

“मंग चिंचेचा पाला खाऊन घालवला असंल,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तोच प्रकार. पंधरा दिवस रंगूने बापाचं तोंड हुंगलं. पंधरा दिवस वास आला नाही, आणि तरीही ती हळूहळू आईच्या बाजूची झाली. कारण डोळ्यांना जे दिसत होतं ते नाकापेक्षा मोठं होतं.

मुलगी झाली. तीच गोदू. पाचवीच्या दिवशी रावजीने हातपाय धुतले, धुतलेलं धोतर नेसला आणि बाळंतिणीच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. “दे गो, नातीला बघू जरा.”

रंगूने त्याच्या हातांकडे पाहिलं. बोटं चालूच होती. तिने मुलीला कुशीत वळवून घेतलं. “आता निजलीय बा. मंग देते.”

“निजू दे, निजू दे,” म्हणून तो दारातून परत गेला. मुलगी टक्क जागी होती आणि ते त्यालाही दिसलं होतं. ते ‘मंग’ पुढे कधी आलं नाही. त्याने पुन्हा मागितलं नाही आणि तिने आपणहून दिलं नाही.

ह्यातली सगळ्यांत अवघड गोष्ट अशी, की रावजीला स्वतःला काहीच कळत नव्हतं. “मी सरळच चालतो गो,” तो बायकोला म्हणे, “ही लोकं हसतात कशाला?” एकदा बाजारच्या दिवशी एका शिपायाने त्याला प्यालेला म्हणून धरला आणि रात्रभर बसवून ठेवला. तेव्हा गावकीने ठरवलं, की सोमजाईच्या देवळात रावजीने नारळ उचलून शपथ घ्यावी. त्या गावची रीतच तशी. ज्याच्यावर आळ आहे त्याने दोन्ही हातांत नारळ धरून देवीपुढे सांगायचं, आणि नारळ खाली ठेवेपर्यंत हात हलू द्यायचा नाही. रावजी आनंदाने तयार झाला. त्याने नारळ उचलला, “आई सोमजाई, मी दारूच्या थेंबाला—” एवढं म्हणाला आणि खांदा उडाला. नारळ पायरीवर पडून दोन शकलं झाली.

देवीने निकाल दिला. त्यानंतर गावात कुणी चर्चासुद्धा केली नाही.

छप्पन्न साली रावजी गेला. शेवटचं वर्ष अंथरुणात काढलं, शेवटी घास गिळता येईना. बाराव्याला त्याची थोरली बहीण आली होती, म्हसळ्याच्या बाजूला दिलेली, सत्तरीची. जेवणं झाल्यावर सुपारी कातरता कातरता ती सहज बोलून गेली, “आमचा बा पन असाच नाचत नाचत गेला. त्यालाबी दारुडा म्हनायचे. बिचाऱ्याला ताडीबी सोसत न्हवती.”

रंगूची आई उठली, आत गेली आणि दाराच्या मागे भिंतीकडे तोंड करून बसली. संध्याकाळपर्यंत तिथून हलली नाही.

त्या दिवसापासून रंगूने आपल्या हातांवर पहारा बसवला. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. काठोकाठ भरलेली कळशी विहिरीवरून घरी आणायची आणि किती पाणी सांडलं ते बघायचं. दिव्यात तेल ओतताना धार मोडते का बघायचं. हात रोज बरे निघत, पण त्याने समाधान होत नसे. बापालाही स्वतःचे हात बरेच वाटत होते की!

एकसष्ट साली बोर्लीला एका नव्या डॉक्टराने दवाखाना काढला. मुंबईला शिकून आलेला, पोरसवदा, पण घाई न करता ऐकून घेणारा. गोदूला ताप आला म्हणून रंगू गेली होती. औषधाची बाटली घेतल्यावरही ती उठली नाही. डॉक्टरने विचारलं, “आणखी काही आहे का बाई?” आणि तिने बापाचं सगळं सांगितलं, फक्त पाचवीच्या दिवसाचं सोडून.

डॉक्टरने मध्ये चार-दोन प्रश्न विचारले. मग म्हणाला, “असा एक आजार आहे. मेंदूचा. बापाकडून किंवा आईकडून येतो. पण सगळ्या मुलांना येत नाही. नाणं वर उडवावं तसं आहे, एखाद्याला येतो, एखाद्याला नाही. साधारण पस्तिशी-चाळिशीला दिसायला लागतो.”

“आन् माज्या पोरीला?”

“तुम्हाला आला नसेल तर तिला येणार नाही. तुमच्यापाशीच तुटला. पन्नाशी-पंचावन्न सुखरूप गाठलीत तर बहुतेक सुटलात असं समजा.”

“औषद?”

त्याने मान हलवली.

“निदान कळायचं कसं, आला का न्हाय ते?”

“स्वतःला बहुतेक वेळा उशिरा कळतं, कधी कळतच नाही. रोज बघणाऱ्याला कळतं.” त्याने गोदूकडे एकदा पाहिलं. “पण घरचं माणूस सांगत नाही बाई. त्याला दिसलं तरी माया आडवी येते.”

वाटेने गोदू तापाने तिच्या खांद्याला टेकून चालत होती आणि रंगू मनातल्या मनात माणसं मोजत होती. नवरा वर्षातून दोनदा येणार. गोदू अकरा वर्षांची. आई तर आता कुणाच्या हातांकडेच बघत नसे. आपल्याला रोज बघणारं, अगदी डोळ्यांत तेल घालून बघणारं, आणि आपल्यावर काडीची माया नसलेलं माणूस कोण? ओढ्यावरच्या लाकडी साकवावर आल्यावर तिला ते माणूस आठवलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू फुटलं.

बायजा ओटीवर सुपात सुका जवळा निवडत बसली होती.

“बाय, एक काम हाय.”

“विळा देनार न्हाय. मागच्या टायमाला धार घालवून आनलास.”

“विळा नको.”

“मंग बी-बियानं मागायला आलीस. तेबी न्हाय.”

रंगू पायरीवर बसली आणि तिने बापापासून डॉक्टरापर्यंत सगळं सांगितलं. बायजाचे हात जवळ्यात चालूच होते. सांगून झालं तेव्हा तिने सुपातला कचरा फुंकून उडवला.

“आन् मी काय करू?”

“माज्यावर नजर ठेव. हात, पाय, खांदा, तोंड. काय वाकडं दिसलं तर मला सांग. तोंडावर सांग.”

“मीच का? वाडीत बाया का कमी हायत?”

“तुला माजी माया न्हाय.”

“न्हायच.”

“आन् माजं वाईट सांगायला तुला आवडतं.”

“आवडतं,” बायजा प्रामाणिकपणे म्हणाली. “समज, दिसलं. मी सांगितलं. तू काय करशील मंग? औषद तर न्हाय म्हंतेस.”

“उकळतं पातेलं हातात घेनार न्हाय. कुनाचं तानं पोर घेनार न्हाय. आन् गोदूला आदीच सांगून ठेवीन, का तुजी आय पीत न्हाय.”

बायजाने पहिल्यांदा हात थांबवले. मग पुन्हा निवडायला लागली.

“फुकट बघनार न्हाय मी. फांदीचे फणस माजे.”

“सगळे?”

“एक ठेवते तुला. मोठा न्हाय देनार, बारका देईन.”

“बरं,” रंगू म्हणाली. दहा वर्षांचं फणसाचं भांडण तिथे मिटलं. वाडीला त्याचं कारण कधी कळलं नाही.

बायजाने घेतलेलं काम चोख केलं. तिच्या नजरेखाली राहणं म्हणजे काय हे रंगूला मग समजलं. वाटेने जाता जाता ती अचानक “झेल!” म्हणून सोललेला नारळ फेकी. रंगू पाणी घेऊन साकवावरून येऊ लागली की पलीकडे कमरेवर हात ठेवून उभी राही. आवणीला तर ती मुद्दाम रंगूच्या शेजारची ओळ धरी. पाठीवर इरलं, गुडघाभर चिखल, मागे मागे सरकत रोपं लावायची. आणि बायजाची नजर आपल्या रोपांपेक्षा शेजारच्या हातांवर जास्त. शेवटची मूठ लावून झाली की दोघी पाटाच्या पाण्यात पाय धुवायला बसत आणि बायजा वर्षाचा निकाल देई.

“हात सरळ हायत. ओळ वाकडी हाय, पन ती तू सून होऊन आलीस तवापास्नं वाकडीच.”

दुसऱ्या वर्षी, “मान हलते. पन ती गर्वानं.”

तिसऱ्या वर्षी, “काय न्हाय झालेलं तुला. मरत न्हायस तू एवढ्यात. मलाच पोचवून जाशील.”

त्या एका वाक्यावर रंगू वर्षभर शांत झोपे. कळशी मोजणं तिने सोडून दिलं. तिचं काम दुसऱ्या कुणीतरी घेतलं होतं आणि ते माणूस लबाडी करणारं नव्हतं. नवरा धर्माजी सुटीला आला की नवल करी, “तुमी दोगी भांडता तशाच, पन तू आता रडत कशी न्हायस?”

सहासष्ट सालच्या आश्विनात बायजा नवरात्रासाठी माहेरी गेली. तिचं माहेर आगरदांड्याच्या पलीकडे, म्हणून दिघीहून खाडी ओलांडून जावं लागे. चौथ्या दिवशी ती परत आली. त्या संध्याकाळी रंगू विहिरीवरून येऊन बघते तर दारात भरलेली कळशी ठेवलेली. बायजाने भरून आणलेली.

दुसऱ्या दिवशी बायजाने वाटीभर कोलंबीचं कालवण गोदूच्या हाती पाठवलं. तिसऱ्या दिवशी अंगणात उकडून वाळत घातलेल्या भातावर रंगूची कोंबडी चढली, तिने पायांनी भात चौफेर उधळला, आणि रंगू दगड घेऊन धावेपर्यंत बायजा दारातूनच म्हणाली, “ऱ्हाऊ दे रंगू. खाऊ दे. मुकं जनावर हाय.”

रंगूच्या हातातला दगड खाली पडला. एक तर कोंबडीला शिवी नाही. दुसरं म्हणजे ‘रंगू’. वीस वर्षांत बायजाने तिला ‘रंगे’ सोडून हाक मारली नव्हती.

ती मागच्या दाराशी जाऊन बसली. मांडीवर दोन्ही हात पसरून ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. हात नुसते पडून होते. पण तिला हलताना दिसणारच नव्हते. म्हणून तर ते बायजाकडे दिले होते. मग एकेक आठवायला लागलं. परवा आमटीचा डाव हातातून निसटला होता. आवणीच्या वेळी बांधावर पाय घसरला होता, त्याला बायजाने चिखलाचं कारण दिलं होतं. तेव्हाच दिसलं असेल का तिला? गोदू सोळा वर्षांची झाली होती, म्हसळ्याकडचं एक स्थळ विचारून गेलं होतं. गोदू आत चुलीशी भाकरी थापत गुणगुणत होती. रंगूने त्या भाकरीचा आवाज शेवटपर्यंत ऐकला. एक, दोन, तीन, सारख्या तालात. मग उठून, तोंड धुऊन ती पुढच्या दारी गेली.

“बाय, सांग.”

“काय सांगू?”

“सोपवलंय ते. तू मला तीन दिस झाले शिवी दिलेली न्हायस.”

बायजाने चूल सारली. फडक्याला हात पुसले, पुन्हा पुसले. “बस खाली.”

“उभ्यानंच ऐकते.”

“बस म्हंते ना! तुला काय झालेलं न्हाय. तुजे हात माज्या हातांपेक्षा बरे हायत.”

रंगू बसली.

“अंबाजी,” बायजा म्हणाली.

अंबाजी रंगूचा धाकटा भाऊ. चौतीस वर्षांचा. बापाच्या मागे त्याच धक्क्यावर हमाली करणारा.

“होडीत बसायला गेले तवा तो फळीवरनं उतरत व्हता. पाठीवर पोतं. मदेच पाय असा वर घेतला, जसा तू सांगितलावतास तसा, आन् पोत्यासकट पान्यात. लोकं हसली. म्हनाली, सकाळीच टाकून आलाय. मी मुद्दाम त्याच्या अंगाला घासून गेले. वास न्हवता रंगू. येताना पुन्ना बघितला, बसलेला व्हता, तर बोटं चालू. पाच वर्सं तुजे हात बघते मी. चांगला हात कसा असतो ते मला ठावं झालंय, तर वाईट न्हाय का वळखनार?”

रंगूच्या मनात आधी जे आलं ते म्हणजे सुटका. मी नाही. गोदूवरही नाही, निदान अजून तरी नाही. श्वास मोकळा झाला, आणि तो मोकळा झाल्याचीच तिला इतकी लाज वाटली की तिने पदर तोंडावर घेतला. बायजाने नारळाच्या करवंटीत तिला पाणी दिलं.

“तुजं बघायचं ठरलं व्हतं, त्याचं न्हाय,” थोड्या वेळाने ती म्हणाली. “म्हनून तीन दिस गप बसले.”

“मी उद्या जाते.”

“मीबी येते. मला सुकी मासळी घ्यायची हाय.”

बायजाच्या शिंक्यात सुक्या मासळीची दोन गाडगी भरून टांगलेली होती. ती दोघींनाही दिसत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी दिघीच्या अलीकडच्या त्या घरी पोचल्या. अंबाजी धक्क्यावर होता. त्याची बायको नीराबाई पाच महिन्यांच्या मुलीला घेऊन ओटीवर बसली होती. ती लग्न होऊन आली तेव्हा सासरा जाऊन काही वर्षं झाली होती, आणि सासूने त्याच्याविषयी शेवटपर्यंत तोंड उघडलं नव्हतं. आता सासूही नव्हती.

“वन्सं, देवासारख्या आलात,” म्हणून नीराबाई रडायलाच लागली. “हे प्यायला लागले. म्हंतात, न्हाय. मला वास येत न्हाय, काय खाऊन घालवतात कुनाला ठावं. तुमीच जवळ बसून बघा. तुमच्यावर माया हाय त्यांची.”

रंगूने ओटीच्या खांबाला हात लावला. सोळा वर्षांपूर्वी ह्याच घरात, हेच शब्द.

“आन् सोमवारी देवळात नारळ उचलायला लावनार हायत,” नीराबाई डोळे पुसत म्हणाली. “मीच सांगितलं गावकीला. काय तो निकाल लागू दे एकदाचा.”

“नारळ पडनार,” रंगू म्हणाली.

“म्हंजी पितातच ना?”

“न्हाय पीत. बा पन पीत न्हवता. त्याचाबी पडला.”

मग तिने सांगितलं. सावकाश, एकही गोष्ट न वगळता. बापाचं तोंड हुंगल्याचं, आत्याचं, डॉक्टराचं; आणि जे डॉक्टरलाही सांगितलं नव्हतं ते पाचवीच्या दिवसाचं. नीराबाई ऐकता ऐकता रडायची थांबली. शेवटी तिने मांडीवरच्या मुलीकडे पाहिलं, आणि काय विचारायचं होतं ते विचारलं नाही. रंगूला ते कळलं. तो प्रश्न तिच्याकडे दहा वर्षं राहायला होता.

उन्हं कलल्यावर अंबाजी आला. अंगणातून येतानाच पाय दोनदा उंच उचलला गेला. “आक्का! कवा आलीस?” तो ओरडला, आणि हसताना त्याचा खांदा उडाला.

त्याचं पाणी पिऊन होऊ दिलं. मग रंगू त्याच्यासमोर बसली. गोड बोलून सुरुवात करावी असं तिच्या मनात होतं. पण बाजूला बायजा बसली होती, आणि पाच वर्षं आपल्याला कशामुळे शांत झोप लागली हे रंगूला ठाऊक होतं.

“अंबाजी, तुजी चाल बिगडलीय. बोटंबी हलतात. आतासुदा हलतायत.”

त्याने हातांकडे पाहिलं. “कुठं? मी सरळच चालतो गो आक्का. लोकं उगाच हसतात.”

“न्हाय. तू सरळ चालत न्हायस. आन् तू पीतबी न्हायस. दोनी खरं हाय.”

अंबाजी तिच्याकडे बघत राहिला. बापाला त्याने पाहिलं होतं. अंथरुणातल्या बापाला घास त्यानेच भरवला होता. फार सांगावं लागलं नाही. तो म्हणाला, “बासारखं?”

“बासारखं. पन बाला कुनी सांगितलं न्हवतं.”

“फळीवर जायला नको मंग मी.”

“नको.”

मग तो नीराबाईकडे न बघता हळूच म्हणाला, “ही पंदरा दिस झाले पोरीला हात लावू देत न्हाय.”

रंगू उठली. “त्या भिंतीला पाठ लावून बस,” तिने सांगितलं. “पाय पसर. आसं.” ती त्याला लागून बसली, आपला एक हात त्याच्या हाताखालून घातला, आणि नीराबाईकडून मुलगी घेऊन त्याच्या मांडीवर ठेवली. अंबाजीची बोटं चालूच होती. मुलीने त्यांतलं एक पकडलं, ते निसटलं, तिने पुन्हा पकडलं. तिला तो खेळच वाटला. रंगूचा हात खाली होता. पण त्याची गरज लागली नाही.

नारळाचं काम बायजाने अंगावर घेतलं. दिवेलागणीला ती गावकीच्या म्हाताऱ्याकडे जाऊन आली. काय बोलली ते तिने सांगितलं नाही, पण तिचा आवाज तीन घरं सोडून ऐकू येत होता. सोमवारी देवळात शपथ झाली नाही. नीराबाईने नारळ नेला आणि रावजीच्या नावाने देवीपुढे ठेवला.

त्याआधी, दुसऱ्याच दिवशी सकाळी दोघी वाडीकडे परत निघाल्या. अंबाजीला डॉक्टरकडे आणायचं, धक्क्यावर बसून करायचं एखादं काम मिळतं का ते बघायचं, हे रंगूच्या मनात चाललं होतं. वाडी दिसायला लागली तशी बायजा खाकरली.

“रंगे.”

“काय गो बाय?”

“त्या तुज्या कोंबडीनं माजं पायलीभर भात नासलं. मी चार दिस बोलले न्हाय म्हंजी इसरले असं समजू नको. तिची मालकीन जशी आगाव, तशीच ती. पुन्ना अंगनात दिसली तर कालवन करून खाईन, आन् तुला वाटीभर देनार न्हाय, सांगून ठेवते.”

हे साकवापर्यंत चाललं. पुढे त्यात फणस आला, विळ्याची धार आली, गोदूच्या वाकड्या भाकऱ्या आल्या. रंगू मागून चालत होती आणि एकही शब्द निसटू नये म्हणून पावलं लांब टाकत होती.